सोमवारची मोजणी

माझ्या शिक्षणाचं श्रेय कुणाला, असं कुणी विचारलं तर मी सगळ्यात आधी मावशीचं नाव घेतो. नाव म्हणजे मावशी एवढंच. ती माझ्या आईची बहीण नाही, आमच्या नात्यातलीही नाही. मळवली स्टेशनावर उतरून तासभर चाललं की गडाच्या पायथ्याला तिचं गाव लागतं. आमचं घर कामशेतच्या बाजारपेठेत. माझे वडील पिंजारी, कापूस पिंजून गाद्या भरायचं काम करणारे. दुकानात यंत्र यायच्या आधी ते दर हिवाळ्यात खांद्यावर धनुकली टाकून गावोगाव फिरत आणि मावशीच्या ओसरीवर त्यांचा चार दिवस मुक्काम असे. तिथून ही ओळख.

कॉलेजात जाणारा मी आमच्या घरातला पहिला. दुकानामागे एक खोली, तिच्यात आम्ही सहा माणसं, आणि भिंतीपलीकडे यंत्राची दिवसभर घरघर. पुस्तक उघडं ठेवून पाणी प्यायला उठलो तरी परत येईपर्यंत पानावर कापसाचा थर बसलेला असे. बी.ए.च्या पहिल्या वर्षाची परीक्षा तोंडावर आली होती तेव्हा मावशी जुनी गादी नव्याने भरून घ्यायला बाजारात आली. कानात कापसाचे बोळे घालून वाचत बसलेला मी तिला दिसलो.

"ह्याला माझ्याकडं धाडा महिनाभर," ती वडिलांना म्हणाली. "हितं ह्याच्या डोक्यात निस्ता कापूस भरंल."

त्या उन्हाळ्यात मी तिच्या माळ्यावर बसून अभ्यास केला, आणि पुढचे दोन उन्हाळेही. एका वर्षी परीक्षा आणि रोजे बरोबरच आले. सूर्य उगवायच्या आत माझं खाणं व्हावं म्हणून मावशी पहाटे उठून भाकरी टाकायची. मी नको म्हटलं की म्हणायची, "तुज्यासाठी न्हाई उठत, गुरांसाठी उठती." तेव्हा तिच्या गोठ्यात एकच म्हैस उरली होती आणि ती उन्हं वर येईपर्यंत उठत नसे.

बी.ए. झालो. मग एम.ए.ला भूगोल घेतला आणि खर्च निघावा म्हणून कुसगावच्या एका हॉटेलात रिसेप्शनला लागलो. लोणावळ्याच्या आसपास हॉटेलात काम करणाऱ्या माणसाला शनिवार-रविवार नसतो. त्या दोन दिवसांवर तर सगळ्यांची पोटं चालतात. आमची सुट्टी सोमवारी. सोमवारी आम्ही केस कापतो, लग्न ठरवायला जातो, दवाखान्यात रांग लावतो. इतकी वर्षं असंच चालल्यामुळे आमच्या लेखी सोमवार हाच आठवड्याचा खरा दिवस झालेला असतो. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण माझी चूक तिथेच झाली.

एम.ए.च्या शेवटच्या वर्षी प्रकल्प करायचा होता. मी विषय घेतला तो असा: ऐतिहासिक ठिकाणी येणारी माणसं जागा जपून कशामुळे वागतात, आणि कशामुळे वागत नाहीत. विषय मनापासून घेतला होता. हॉटेलात येणाऱ्या पाहुण्यांमुळे आमचं घर चालतं, आणि त्याच पाहुण्यांच्या मागे राहिलेल्या बाटल्या, वेफरची पाकिटं मी गावोगाव पाहत होतो. या दोन्ही गोष्टींचा मेळ कसा घालायचा ते मला खरंच समजून घ्यायचं होतं.

आधी मी प्रश्नावली काढली. हॉटेल सोडताना पाहुणे बिलाची वाट बघत उभे असतात, तेव्हा कागद पुढे करायचा. "गडावर गेल्यावर आपला कचरा आपण परत आणता का?" नेहमी, कधीकधी, कधीच नाही. जवळपास सगळ्यांनी 'नेहमी'वर खूण केली. एका गृहस्थांनी 'नेहमी'वर खूण केली आणि तोंडातलं च्युइंगगम त्याच कागदाच्या कोपऱ्यात गुंडाळून कागद मला परत दिला.

माझ्या मार्गदर्शक मॅडमना मी तो कागद दाखवला. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "लोक काय म्हणतात ते राहू दे. काय करतात ते मोज."

म्हणून मी मोजायला लागलो. पावसाळ्याचे दिवस, गडावर येणाऱ्यांचा हंगाम. वाहनतळापासून वरच्या दरवाजापर्यंतच्या वाटेचे मी सहा टप्पे पाडले. दर टप्प्यात बाटल्या किती, पाकिटं किती, कागदी कप किती, ते वहीत लिहायचं. असे आठ सोमवार मी गडावर गेलो. सोमवारी गडावर चिटपाखरू नसतं, त्यामुळे निवांत मोजता येई.

आठही सोमवारी चित्र एकच होतं. पायऱ्या बऱ्यापैकी साफ. वरचा बुरूज, टाकी, तिथे थोडंफार काही. आणि पहिल्या वळणावर एका पत्र्याच्या शेडमागे मात्र ढीग. ते शेड मावशीचं होतं.

मावशीचा मुलगा चाकणला कारखान्यात असतो. मावशी आणि तिची सून पावसाळ्यात शनिवार-रविवारी त्या शेडमध्ये पिठलं-भाकरी करतात. बाकीचे दिवस दोघी भातात. सोमवारी शेडला कडी असायची. मोजून झालं की मी खाली तिच्या घरी चहाला जायचो. "कॉलेजचं मोजायचं काम आहे," एवढंच सांगायचो. ती म्हणायची, "मोज बाबा." शेडमागच्या ढिगाबद्दल मी तिला एकदाही विचारलं नाही. ज्या घरात तीन उन्हाळे जेवलो, त्या घरच्या बाईला 'तुझ्या शेडमागे घाण आहे' असं कोणत्या तोंडाने म्हणायचं, असं मला वाटे.

प्रकल्पात मात्र मी लिहिलं. कुणाचं नाव न घालता लिहिलं, पण लिहिलं. कचऱ्याचं प्रमाण खाद्यविक्रीच्या जागेजवळ सगळ्यात जास्त आहे. वाटेवर खायला मिळाल्यामुळे पर्यटक बेजबाबदार होतात. अशी केंद्रं वाहनतळाजवळ हलवावीत आणि वाटेवर दंडाच्या पाट्या लावाव्यात. सोबत एक नकाशा होता. त्यात पहिल्या वळणावर लाल ठिपक्यांची गर्दी.

हा प्रकल्प मॅडम आणि बाहेरचे परीक्षक सोडून कुणी वाचणार नाही अशी माझी समजूत होती. पण गडाची देखभाल बघणारी एक समिती आहे. त्यात गावातली काही माणसं आहेत, काही बाहेरचे गडप्रेमी, आणि अध्यक्ष एक निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांना सगळे सर म्हणतात. मोजणीसाठी मी त्यांची परवानगी घेतली होती. ते म्हणाले, "काम पूर्ण झालं की आम्हाला एक प्रत दे. आपल्या भागातल्या मुलाने केलेला अभ्यास आहे." मला फार बरं वाटलं. सादर करायच्या आधीच, कच्च्या प्रतीला स्पायरल बाइंडिंग करून मी ती त्यांच्या हातात दिली.

दोन आठवड्यांनी, मी रिसेप्शनला असताना फोन आला. मावशीची सून. मी तिला वहिनी म्हणतो.

"भावजी, तुमच्या पुस्तकात आमचं शेड आलंय म्हनं."

मी समोरचं रजिस्टर मिटलं.

"समितीतनं सांगून गेल्यात. गुरवारच्या बैठकीत ठराव हाय. शेड उचलायचं आन् खाली गाड्यांपाशी मांडायचं. आता तुमीच सांगा, गाड्यांपाशी कोन भाकरी खातंय? तितं आलेलं मानूस गाडीत बसून लोनावळ्याला जातंय जेवाया."

"मावशी काय म्हणते?"

"त्या काय म्हनत न्हाईत. भात निवडत्यात."

फोन ठेवला तेव्हा समोर एक कुटुंब खोलीची किल्ली मागत उभं होतं. मी त्यांना दोनदा चुकीची किल्ली दिली.

त्या दोघींसाठी ते शेड म्हणजे वर्षाचा मोठा आधार होता. भात घरापुरतं होतं. बाकी सगळं त्या चार महिन्यांच्या शनिवार-रविवारांवर. आणि ते उठणार होतं माझ्या वहीमुळे. मी खोटं काही लिहिलं नव्हतं, ढीग मी डोळ्यांनी पाहिला होता. तरी काहीतरी बसत नव्हतं. ज्या बाईच्या घरात खरकट्या भांड्यावर माशी बसू देत नाहीत, तिच्या शेडमागे दर आठवड्याला एवढा कचरा कसा साचतो?

मी व्यवस्थापकांकडे रविवारची सुट्टी मागितली.

"सीझनचा रविवार आहे," ते म्हणाले. "घरात लग्न आहे का?"

"नाही."

"मयत?"

"नाही."

"मग?"

"गडावर जायचंय."

"गडावर गेस्ट जातात. आपण त्यांना रस्ता सांगतो."

शेवटी दिवाळीतले माझे दोन दिवस एका सहकाऱ्याला देऊन मी तो एक रविवार घेतला. मावळात जन्मलो, वाढलो, पण हंगामातल्या रविवारी गडावर मी पहिल्यांदाच गेलो. मावशीकडे राहिलो तो उन्हाळ्यात, तेव्हा वर कुणी येत नाही. आणि नोकरी लागल्यापासून रविवार हॉटेलचा.

सकाळी सातला पोहोचलो तर चूल पेटली होती. मावशीने मला पाहिलं.

"या सायब. मोजाया आलात?"

"मावशी, मी..."

"बस तितं. आज आमी मोजतो, तू बघ."

पहिला गट आला, सातआठ जणांचा, पिंपरीच्या कुठल्याशा कारखान्यातला. मावशीने हातातलं काम न थांबवता विचारलं, "किती जन हाव? आत्ता सांगून जावा. खाली याल तवा भाकरी ताटात पायजे, का बसून ऱ्हानार?"

"आठ जण, मावशी. भाकऱ्या वीस धरा."

"वीस कशाला? चढून आल्यावर आठ जन पंचवीस खात्यात. पानी कशात नेताय?"

"बाटल्या घेतो की वर."

"वर कोन बसलंय इकाया? ही घ्या." तिने खुंटीवरची एक किटली काढली. दुधाची, दोन लिटरची, कडीची. घरात दुधाचा धंदा होता तेव्हाच्या बऱ्याच किटल्या होत्या, त्या तिने शेडमध्ये आणून टांगल्या होत्या. प्रत्येकीच्या कडीला जुन्या लुगड्याची वेगळ्या रंगाची चिंधी बांधलेली. "हिरव्या चिंधीची तुमची. झाकन हारवू नगा, ह्या मापाचं आता मिळत न्हाई."

त्यातल्या एकाने पाकीट काढलं. "डिपॉझिट किती ठेवायचं?"

"कशाचं?"

"म्हणजे आम्ही किटली परत नाही आणली तर?"

"का न्हाई आननार? मग जेवाया कुटं जाताल?"

बाकीचे हसले. एक जण त्याला म्हणाला, "ठेव पाकीट आत. मावशीने तुझा चेहरा लक्षात ठेवलाय."

ते गेल्यावर मी विचारलं, "मावशी, थोडं काहीतरी ठेवून घेतलंस तर बरं नाही का? एखादी गेली तर?"

"पैसं घेतलं की त्यानं ती इकत घेतल्यागत हुतं," ती म्हणाली. "मग तो कशाला आनंल वझं खाली? आन् गेल्यात की दोन-तीन. जाऊं दे."

दहा वाजेपर्यंत खुंट्या रिकाम्या झाल्या. मी वर निघालो. वाटेवर माणसांची रांग होती. मी मुद्दाम कधी किटलीवाल्यांच्या मागून, कधी इतरांच्या मागून चाललो. किटली नसलेल्या एका टोळक्याने बाटल्या संपवल्या आणि पायरीवर ओळीने उभ्या करून त्यांचा फोटो काढला. फोटो झाल्यावर बाटल्या तिथेच राहिल्या. पुढे हिरव्या चिंधीवाले बसले होते. एकाने बिस्किटाचा पुडा संपवला आणि कागद कुठे टाकावा म्हणून इकडेतिकडे पाहिलं.

"दरीत सोड," दुसरा म्हणाला.

"नको रे. खाली गेल्यावर म्हातारी विचारायची, काय खाल्लं वर म्हणून."

"ती काय खिसे तपासणार आहे?"

"तपासणार नाही, पण विचारेल," तो म्हणाला आणि कागद खिशात घातला.

सगळे किटलीवाले असे नव्हते. पिवळ्या चिंधीच्या गटातल्या एकाने माझ्यादेखत रिकामी बाटली दरीत भिरकावली आणि तिचा आवाज कधी येतो ते ऐकत उभा राहिला. पण माझ्या वहीत जे कधीच आलं नसतं ते त्या वाटेवर दिसत होतं. ज्यांना खाली जाऊन कुणाला तरी भेटायचं होतं त्यांची चालच वेगळी होती. आपल्याला कुणीतरी ओळखतं, असं चालणं.

दुपारी मी खाली शेडमध्ये येऊन बसलो. कॉलेजच्या मुलामुलींचा एक गट जेवायला बसला, निळ्या चिंधीचा. मावशीने किटली हातात घेतली, फिरवून पाहिली.

"झाकन?"

एक उंच तरुण होता, त्याच्या तोंडचा घास थांबला. "वरच्या टाक्यापाशी राहिलं बहुतेक. पाणी ओतून घेताना."

"ऱ्हाऊं दे. जेव आधी, भाकरी गार हुतीया."

तो जेवला. हात धुतले आणि कुणाला न सांगता वर निघाला. त्याच्या मैत्रिणी ओरडून म्हणाल्या, अरे गाडी चुकेल. त्याने मागे वळून हात केला. पाऊण तासाने तो परत आला, शर्ट पाठीला चिकटलेला, हातात झाकण आणि एका पिशवीत पायरीवर ओळीने उभ्या केलेल्या त्या बाटल्या. झाकण त्याने मावशीच्या हातात दिलं. पिशवीचं काय करायचं ते त्याला कळेना, म्हणून ती वहिनीकडे दिली.

मी त्याला विचारलं, "झाकणासाठी एवढं परत चढलास?"

त्याला माझा प्रश्नच विचित्र वाटला असावा. "त्यांचं आहे ना ते," तो म्हणाला.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला गर्दी ओसरली. चूल विझवून वहिनीने कोपऱ्यातली पोती उचलली. वाटेने आणखी चार बायका आल्या, त्यांच्याही हातात पोती आणि लांब काठ्यांना बांधलेले विळे. झुडपात अडकलेलं ओढून काढायला. दोघी वरच्या दरवाजाकडे गेल्या, दोघी मधल्या टप्प्यावर, वहिनी खालच्या पायऱ्यांवर. तास-दीड तासात त्या भरलेली पोती घेऊन परतल्या आणि शेडमागे ओतून मोकळ्या झाल्या.

मी तिथे उभा होतो. माझा ढीग माझ्यासमोर तयार होत होता.

"हे दर रविवारी?" मी विचारलं.

"मग काय, आपोआप जातंय व्हय?" वहिनी म्हणाली. "मंगळवारी ट्रॅक्टर येतो न्यायला. त्येला वर चढता येत न्हाई, वळनापतुर येतो. म्हनून हितं टाकतो. पयली म्हातारीच यकटी करायची. मग आमाला लाज वाटली."

दुसरी एक बाई, जिला मी ओळखत नव्हतो, ती पोतं झटकत म्हणाली, "ह्योच का तो नकाशेवाला?"

"ह्योच," वहिनी म्हणाली.

"बुधवारी आला असता तर?"

"तर गड आरशावानी दिसला असता त्येला."

त्या हसल्या. मलाही हसू आलं असतं, पण माझे कान तापले होते. सोमवार. रविवारी संध्याकाळी गोळा झालेला आणि मंगळवारी जाणारा कचरा मी आठ सोमवार मोजला होता. सगळ्या वाटेवरची घाण जिने एका जागी आणली, तिच्याच माथी मी ती घाण मारली होती.

मी एक पोतं उचललं आणि उरलेल्या पायऱ्यांवर त्यांच्याबरोबर गेलो. परत आलो तेव्हा मावशी भांडी घासत होती. मी तिच्यासमोर बसलो.

"मावशी, तू मला सांगितलं का नाहीस?"

"तू इचारलंस कुटं?" ती म्हणाली. "दर सोमवारी च्या प्यायलास. कदी इचारलंस का, मावशे, ह्यो ढीग कशाचा?"

"मला लाज वाटली गं विचारायची."

"माज्याम्होरं लाजलास आन् कागदावर न्हाई लाजलास." तिने तवा उलटा टाकला. रागावून बोलली नव्हती. मला ती रागावली असती तर सोपं गेलं असतं. "आता बसू नगंस. गाडी जाईल तुजी."

बुधवारी सकाळची पाळी बदलून घेतली आणि मी पुन्हा गडावर जाऊन सहाही टप्पे मोजले. पहिलं वळण सगळ्यात स्वच्छ होतं. जमीन झाडूने लोटलेली होती.

गुरुवारची बैठक गावातल्या शाळेच्या वर्गात होती. आम्ही सगळे लहान बाकांवर गुडघे वर करून बसलो होतो. सरांच्या हातात ठरावाचा कागद होता. मावशी आली नव्हती. वहिनी दारात उभी होती. विषय निघताच मी उभा राहिलो आणि म्हणालो की माझा निष्कर्ष चुकला आहे. मग काय काय पाहिलं ते सगळं सांगितलं. रविवार, पोती, ट्रॅक्टर, आठ सोमवार आणि कालचा बुधवार.

मग गावचे एक माजी सरपंच, आम्ही त्यांना आबा म्हणतो, बाकावरून म्हणाले, "म्हंजी तू बुधवारी मोजलं असतंस तर आज आमी मावशीला नारळ-शाल दिली असती. आन् सोमवारी मोजलंस म्हनून हाकलत हुतो."

"हो, आबा."

"शाना हायेस. आमी काय कमी हाव का? गावात ऱ्हातो, तरी तुजा नकाशा बघून म्हनालो, व्हय व्हय, बरुबर हाय."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला. "मी तर ठराव शाईने लिहून आणला होता," ते म्हणाले. मग मला विचारलं, "ठीक आहे. तुझा विषय काय होता? माणसं कशामुळे जपून वागतात. आता एका वाक्यात सांग."

"सर, ज्याला परत येऊन कुणाला तरी तोंड दाखवायचं असतं, तो कमी टाकतो."

"पुरावा?"

"एक रविवार आहे. पुरेसा नाही. आणखी मोजावं लागेल."

"मग मोज," सर म्हणाले. "पण या वेळी विचारून मोज."

त्यांनी ठरावावर तिरकी रेघ ओढली आणि खाली नवा ठराव तिथल्या तिथे लिहिला. शेड आहे तिथेच राहील. वळणावर कचऱ्यासाठी जाळीचं झाकण असलेला हौद बांधायचा, म्हणजे माकडं उपसणार नाहीत. वाहनतळाजवळच्या दोन चहावाल्यांनीही पाण्यासाठी किटल्या देऊन पाहाव्यात. दंडाच्या पाट्यांचा विषय कुणी काढलाच नाही. सगळ्यांनी सह्या केल्या. दारातून वहिनी कधी निघून गेली ते मला कळलंही नाही. सांगायला धावली असणार.

शाळेच्या पायऱ्या उतरताना माझे पाय हलके झाले होते. आठवडाभर छातीवर काहीतरी घेऊन हिंडत होतो, ते गेलं आहे हे मला त्या पायऱ्यांवर कळलं. भूक लागली आहे हेही तेव्हाच कळलं.

मावशी अंगणात होती. मी काही सांगायच्या आत ती म्हणाली, "कळलं. बरं झालं." मग मला पाटावर बसवून समोर ताट ठेवलं. मी जेवत असताना म्हणाली, "चुकलं ते कागदावर लिवून दिलंस न्हवं? मग बरुबर हाय ते बी कागदावर लिवून दे मला. उद्या समितीत दुसरी मानसं आली तर मी काय दाखवू?"

मॅडमना मी सगळं सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं की वर्ष जाणार. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "प्रकल्पातून चूक काढू नकोस. तिचंच एक प्रकरण कर. सोमवारची मोजणी, म्हणून." मी तीन महिने मुदत वाढवून घेतली, सगळ्या वारी मोजलं, विचारून मोजलं. पास झालो. आता मी लोणावळ्यातच एका पर्यटन संस्थेत काम करतो आणि नवीन मुलांना मोजणीला पाठवताना पहिल्यांदा गावातल्या बायकांकडे पाठवतो.

मावशीला मी कागद लिहून दिला तो बैठकीच्याच आठवड्यात. कामशेतहून पोस्टाने पाठवला, कारण हातात दिला असता तर तिने तिथेच वहिनीला वाचायला लावला असता आणि मला तिथे बसणं जमलं नसतं. त्याची नक्कल माझ्याकडे आहे.

"मावशी,

वहिनी हे तुला वाचून दाखवतील. हळू वाचायला सांग, म्हणजे काही राहणार नाही.

गडाच्या वाटेवर पहिल्या वळणावर जे शेड आहे ते तुझं आहे. त्याच्यामागे मी जो कचरा मोजला तो तुझ्या शेडचा नव्हता, तुझ्याकडे जेवणाऱ्यांचाही नव्हता. तो सगळ्या वाटेचा होता आणि तो तू, वहिनी आणि गावातल्या चार बायकांनी पाठीवर आणून तिथे ठेवला होता. माझ्या पहिल्या प्रकल्पात याच्या उलट लिहिलं आहे. ते चूक आहे. मी सोमवारी आलो आणि कुणाला काही विचारलं नाही, म्हणून ती चूक झाली. चूक माझी आहे, दुसऱ्या कुणाची नाही.

लोक जागा जपतात ते कशामुळे, हे मी इतके महिने शोधत होतो. तू त्यांना विचारतेस की किती जण आहात, आणि परत येणार म्हणून धरून चालतेस. मला आत्तापर्यंत जे सापडलं त्यातलं हे सगळ्यात मोठं आहे. हे मी नव्या प्रकल्पात लिहितो आहे. तुझं नाव घालू का, ते कळव. नको म्हणालीस तर घालणार नाही.

तू मला घरात ठेवून घेतलंस म्हणून मी शिकलो, आणि शिकलो म्हणून तुझं शेड उचलायचा कागद लिहू शकलो. हे मनातून जात नाही. तू म्हणशील जाऊं दे. तुझ्याकडून ते ऐकायला बरं वाटेल, पण मी ते लक्षात ठेवणार आहे.

समितीच्या नव्या ठरावाची नक्कल सोबत आहे, खाली सगळ्यांच्या सह्या आहेत. शेड आहे तिथेच राहील असं त्यात पहिल्या ओळीत लिहिलं आहे. दोन्ही कागद एकत्र ठेव, चुलीपासून लांब. पुढे कधी कुणी नवीन माणूस नकाशा घेऊन आला तर त्याला हे दाखव. आणि तरी त्याची खात्री पटली नाही, तर त्याला सांग रविवारी ये, पोतं घेऊन."